रात्रभर मुरवलेला टोफू आतून अळणी का राहतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा पुण्याहून सुट्टीला घरी आलाय, त्यानं दूध, दही, तूप सगळं सोडलंय. त्याच्यासाठी तुम्ही पनीर टिक्क्याच्याच कृतीनं टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचा, टिक्का केलात. दह्याऐवजी काजूची पेस्ट घेतली, तुकडे रात्रभर फ्रीजमध्ये मुरवले आणि ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर २० मिनिटं ठेवले. मसाला ट्रेला चिकटून बसला, तुकडे ओलसरच राहिले, चावल्यावर आत चव नाही आणि वर सोयाबीनचा कच्चट वास. आता तुम्ही विचारताय की दोन रात्री मुरवला तर जमेल का, आणि ओव्हन नेमका किती अंशांवर ठेवायचा.

ताई, दोन रात्री मुरवू नका. चार रात्री ठेवलात तरी हेच होईल. तुमची अडचण मुरवण्याच्या आधीच सुरू झालीये. टोफूत पाणी ठासून भरलेलं असतं. ते पाणी आहे तोवर मसाल्याला आत जायला जागा नाही आणि ओव्हनमध्ये तुकडा भाजला जात नाही, नुसता वाफवला जातो. मी सोलापुरातच घरगुती डबे आणि छोट्या ऑर्डरी करते. दूध-तूप न खाणारं गिऱ्हाईक वाढल्यापासून टोफू माझ्या ओट्यावर कायमचा आहे, त्यामुळे जे लिहितेय ते रोजच्या कामातलं आहे.

आधी पनीर आणि टोफूतला फरक बघू, कारण सगळा घोळ तिथून होतो. पनीरमध्ये दुधाची चरबी भरपूर असते, १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅमच्या पुढेच. त्याला स्वतःची गोडसर चव असते. नुसतं मीठ लावून तव्यावर टाकलं तरी ते छान लागतं. टोफूत चरबी त्याच्या निम्म्याहून कमी आणि पाणी साधारण तीन चतुर्थांश. म्हणून पनीरची कृती टोफूवर जशीच्या तशी चालत नाही. त्या कृतीत निम्मं काम पनीरच करत असतं. टोफूला मीठ, आंबटपणा आणि तेल या तिन्ही गोष्टी आपण हातानं द्याव्या लागतात, आणि त्या एकाच वाटणात घालून एकदम देता येत नाहीत.

पटत नसेल तर एक करून बघा. टोफूचा एक चौकोनी तुकडा हळद, तिखट, मीठ आणि तेल लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी सुरीनं मधोमध कापा. कडेला नखाच्या जाडीएवढी पिवळी रेघ दिसेल, बाकी सगळा पांढराशुभ्र. मीठ पाण्यात विरघळून हळूहळू आत सरकतं. हळद, लसूण, गरम मसाला यातलं फारसं काही आत जात नाही. त्यात वाटणात तेल आधीच घातलेलं असेल तर ओल्या तुकड्यावर ते तेल पांघरुणासारखं बसतं आणि मिठा-लिंबाचीही वाट अडवतं. काजूची पेस्टही तशीच, तेलकट आणि दाट. तुमच्या टिक्क्यात नेमकं हेच झालं असणार.

आता तुम्ही कुठला टोफू आणलात यावरही पुष्कळ अवलंबून आहे. आपल्याकडे मोठ्या दुकानांत आणि फ्रोझन मालाच्या दुकानांत दोन-तीन प्रकार मिळतात. दुकानदार बहुतेक वेळा त्याला सोया पनीरच म्हणतात. हवा काढून घट्ट पॅक केलेला, बोटानं दाबल्यावर फारसा न दबणारा टोफू टिक्क्याला उत्तम. पाण्यात तरंगणारा, डब्यात येणारा मऊ टोफू असेल तर त्याचा टिक्का करायच्या भानगडीत पडू नका, त्याची भुर्जी करा किंवा वाटून ग्रेव्हीत घाला. पाकिटामागची यादीही वाचा: सोयाबीन, पाणी आणि सोयादूध फाडून घट्ट करणारा क्षार, एवढंच असायला हवं. त्या क्षाराच्या जागी कॅल्शियम सल्फेट लिहिलेलं असेल तर चांगलंच, दूध सोडलेल्या माणसाला त्यातून थोडं कॅल्शियम मिळतं.

घरी करणार असाल तर सोयाबीनची आपल्याला ददात नाही. बार्शीकडे शेतात पिकतं आणि शेजारी लातूरची बाजारपेठ तर सोयाबीनचीच. फक्त एक लक्षात ठेवा. तो कच्चट वास येतो तो भिजवलेलं सोयाबीन थंड पाण्यात वाटल्यामुळे. दाणा फुटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) लगेच कामाला लागतं आणि वास तयार होतो. उकळतं पाणी घालून वाटलं तर ते विकर तिथंच मरतं आणि वास बराच कमी होतो. वाटताना मिक्सरचं भांडं अर्धंच भरा आणि झाकणाची वाफ जाऊ द्या, नाहीतर गरम दूध अंगावर उडतं. दूध गाळल्यावर १०–१५ मिनिटं नीट उकळायचंच, कच्चं सोयादूध पोटाला बाधतं. लिंबानं फाडलेला घरचा टोफू बाजारच्यापेक्षा मऊ आणि किंचित आंबट होतो, त्याला जास्त वेळ दाबावं लागतं.

बाजारच्या घट्ट टोफूचं पाणी काढायच्या माझ्याकडे तीन रीती आहेत, आणि कुठली वापरायची ते पुढं काय करायचं त्यावर ठरतं.

सगळ्यात साधी म्हणजे दाबणं. अख्खी वडी स्वच्छ पंच्यात गुंडाळायची, ताटात ठेवायची, वर पाट आणि पाटावर खलबत्ता किंवा पाण्यानं भरलेलं पातेलं. अर्धा तास पुरे. फार जड वजन ठेवलं तर वडी कडेनं चिरते. ताटात जमलेलं पाणी बघितलंत की कळेल मसाला कशात धुऊन जात होता ते.

दुसरी रीत टिक्क्यासाठी मला सर्वांत आवडते, पण ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही: पाणी काढायला टोफू पाण्यातच घालायचा. ४०० ग्रॅम टोफूला एक लिटर पाणी उकळायचं, त्यात दीड मोठा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद. पाणी आमटीपेक्षा चांगलं खारट लागलं पाहिजे. गॅस बंद करून तुकडे त्यात १५ मिनिटं सोडायचे, मग झाऱ्यानं काढून कोरड्या पंच्यावर एकेक सुटा पसरायचा. उष्णतेनं टोफूची वीण आवळते आणि पृष्ठभागाजवळचं पाणी बाहेर पडतं. तुकडे गरम असल्यामुळे पंच्यावर त्यांची वाफ निघून जाते आणि वरची बाजू कोरडी पडते. शिवाय मीठ आत जातं आणि सोयाबीनचा वास त्या पाण्याबरोबर पुष्कळसा निघून जातो. दहा मिनिटांनी तुकड्यावर बोट फिरवा. ओलसर, बुळबुळीत न लागता धुतलेल्या सुती कापडासारखं कोरडं लागलं की समजा तयार. नुसता खाऊन बघा, तुमची ‘आत चव नाही’ ही तक्रार इथंच निम्मी संपलेली असेल.

तिसरी रीत रश्श्यासाठी. वडी रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवायची, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुटू द्यायची आणि तळहातांत धरून हळूच पिळायची. बर्फाच्या कणांनी आत बारीक भोकं पडलेली असतात, त्यामुळे पाणी भसकन निघतं आणि नंतर रस्सा तितक्याच आनंदानं आत शिरतो. गोठलेली वडी पिवळसर दिसते, घाबरू नका, सुटल्यावर रंग परत येतो. याचा टिक्का मात्र जरा चिवट होतो. काहींना तो चिवटपणाच आवडतो, विशेषतः ज्यांनी मटण सोडलंय त्यांना.

तुकडे सुरीनं गुळगुळीत कापण्यापेक्षा हातानं तोडले तर जास्त बरं. खडबडीत बाजूला मसाला धरतो आणि त्या बारीक कडा ओव्हनमध्ये खरपूस होतात. पाहुण्यांसमोर सळईवरचे सारखे चौकोन हवे असतील तर कापा, पण जाडी दीड सेंटीमीटरच्या वर नेऊ नका आणि दोन्ही बाजूंना काट्यानं हलके टोचे मारा. मसाला नखभरच आत जाणार असेल तर तुकडा बारीक ठेवणं हाच शहाणपणा.

आता मुरवणं. हे मी दोनदा करते, आधी पातळ, मग दाट. पातळ वाटणात तेलाचा थेंबही नाही: दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा चिंचेचा पातळ कोळ, एक चमचा आल्याचा रस, एक चमचा लाल तिखट, चिमूटभर हिंग. मिठाच्या पाण्यातून काढलेला टोफू असेल तर इथं मीठ घालू नका, दाबलेला असेल तर पाऊण चमचा घाला. तुकडे त्यात घोळवून अर्धा ते एक तास फ्रीजमध्ये ठेवायचे. रात्रभर ठेवले तरी बिघडत नाही, पण अर्ध्या तासात जे मिळतं त्याच्या दुप्पट रात्रभरात मिळत नाही. हे ओट्यावर ठेवून मुरवायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, टोफू दोन तासांत आंबूस होतो.

मग दाट वाटण, आणि तेही ओव्हनमध्ये घालायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच. दह्याच्या जागी काजू चालतात, पण मी शेंगदाण्याचं दही वापरते. सोलापुरात राहून काजूमागं कशाला धावायचं? वाटीभर दाणे भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाणी घालून मऊ वाटायचे, गाळायचे, ते दूध ढवळत उकळायचं आणि कोमट झालं की त्यात चार-पाच हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात रात्रभरात, हिवाळ्यात जरा उशिरा लागतं. पहिल्या खेपेला ते मऊसर, थोडं पाणी सुटलेलं लागतं. त्यातलंच चमचाभर पुढच्या वेळी विरजण म्हणून वापरलं की जास्त घट्ट लागतं. टिक्क्यासाठी ते पंच्यात तासभर टांगून ठेवायचं, नाहीतर काढलेलं पाणी आपणच परत आत घालू.

अर्धी वाटी हे दही, दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ, दीड चमचा रंगाचं तिखट, एक चमचा धने-जिरेपूड, अर्धा चमचा गरम मसाला, चुरलेली कसुरी मेथी, चवीपुरतं मीठ. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल कोमट करून त्यात तिखट कालवायचं, मग ते वाटणात. तिखटाचा रंग आणि वास तेलातच उतरतो, म्हणून तेलाची जागा इथं आहे, आधीच्या वाटणात नाही. डाळ्याचं पीठ मसाल्याला धरून ठेवतं. ते नसेल तर बेसन घ्या, पण कोरडं भाजून वास सुटू द्या, कारण ओव्हनमध्ये कच्चं बेसन पूर्ण शिजत नाही आणि खाताना जिभेवर कळतं. बाजारचे तयार टिक्का मसाले घेणार असाल तर पाकीट वाचून घ्या, काहींत दूध पावडर असते आणि मुलगा घरात असताना ते तुम्हाला नको.

कच्चा लसूण ठेचून दाट वाटणात घालू नका. तो २०० अंशांवर करपतो आणि कडू होतो. घालायचाच तर त्याचा रस पहिल्या वाटणात घाला. गूळ किंवा साखरही चिमटीपलीकडे नको, त्याच कारणानं.

ओव्हनच्या तपमानाचं विचारलंत. १८० कमी आहे, २०० ते २१० हवं. कारण सरळ आहे: तुकड्याची वरची बाजू ओली आहे तोवर तिचं तपमान १०० च्या वर जातच नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ती बाजू सुकल्यावरच तपमान चढतं आणि १४०–१५० च्या आसपास तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास यायला लागतो. कमी आचेवर जास्त वेळ ठेवलं तर आतलं पाणीही आटतं, तुकडा रबरी होतो आणि रंग तरीही येत नाही.

ओटीजी दोन्ही रॉड लावून किमान १५ मिनिटं आधी तापवा. ट्रेसुद्धा आतच तापू द्या, मग त्याला तेल लावून तुकडे ठेवा, ठेवताना चुरचुर आवाज आला पाहिजे. थंड ट्रेवर ठेवलेला मसाला चिकटतो, तुमचा चिकटला त्याचं हे एक मोठं कारण. तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडा. सगळे एकाच खेपेत बसवायचा मोह होतो, पण गर्दी झाली की वाफ निघायला वाट नाही. १५ मिनिटांनी उलटा, वरून तेलाचा हात फिरवा, आणखी ८–१० मिनिटं ठेवा. शेवटची तीन-चार मिनिटं नुसता वरचा रॉड, आणि या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही. उलटायला गेल्यावर तुकडा सुटत नसेल तर ओढू नका, दोन मिनिटं थांबा. खालची बाजू भाजली की तो आपोआप सुटतो.

हे आकडे तुमच्या ओव्हनला तंतोतंत लागू होतीलच असं नाही. घरगुती ओटीजीचा काटा आणि आतलं तपमान यात फरक असतो, छोट्या ओव्हनमध्ये रॉड जवळ असल्यामुळे रंग लवकर येतो. डोळ्यांनी ठरवा: कडा काळसर-तपकिरी, मसाल्यावर ओलसर चमक नाही, दाबल्यावर तुकडा भरीव लागतो, मधे किंचित मऊ. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे सुकतं लवकर, १९० पुरतं, पण तो कन्व्हेक्शनवरच आहे ना ते दोनदा बघा. एअर फ्रायरमध्ये १९० वर १२–१५ मिनिटांत होतं. काहीच नसेल तर भाकरीचा लोखंडी तवा आहेच. तेल जरा जास्त लागतं, बाकी चवीत तो कुणाला हार जात नाही. तंदूरचा वास हवा असेल तर लाल निखारा वाटीत ठेवून त्यावर तुपाऐवजी तेलाचे चार थेंब सोडा आणि तीन मिनिटं झाकण ठेवा.

आता खास आपल्याकडची गोष्ट. टिक्क्याला शेंगाचटणी लावून बघा. आपली उखळात कुटलेली, लसूण-तिखटाची, हाताला तेल लागेल अशी. पण मुरवताना नाही. दाणे आधीच खरपूस भाजलेले असतात, त्यात लसूण, २०० अंशांवर २५ मिनिटांत तिचा कोळसा होतो. टोफू पूर्ण भाजून झाला की बाहेर काढा, तेलाचा हात फिरवा, चटणी दाबून लावा आणि ओव्हन बंद करून नुसत्या आतल्या उष्णतेत तीन मिनिटं परत ठेवा. चटणी कोमट होते, तिचं तेल सुटतं आणि तुकड्याला धरून बसते. वर लिंबू आणि कच्चा कांदा. माझ्याकडे ज्यांना टोफू नको असतो तेही हा मागून घेतात.

रश्श्यात घालायचा असेल तर दाट वाटण लावूच नका, ते सुटून रस्सा गढूळ होतो. पहिलं वाटण, वर थोडं तेल आणि ज्वारीच्या पिठाचा हलका हात, एवढ्यावर भाजा. कांदा-खोबरं आणि काळ्या मसाल्याचा रस्सा नेहमीसारखा करा, थोडा पातळ आणि थोडा जास्त आंबट ठेवा, आणि भाजलेले तुकडे शेवटची पाच-सात मिनिटं त्यात उकळा. भाजलेला टोफू रस्सा ओढतो, म्हणून पातळ. आणि वाढायच्या आधी दहा मिनिटं झाकून ठेवा. हॉटेलची बटर ग्रेव्ही काजू घालून करता येते, पण मुलगा घरचं जेवण जेवायला आलाय. काळ्या मसाल्याचा रस्सा, कडक भाकरी, शेंगाचटणी यात दुधाचा थेंब मुळातच नाही, त्याला ताटात काही वगळल्यासारखं वाटणार नाही.

डब्यात द्यायचा असेल तर कोरडा टिक्का देऊ नका. गार झाला की टोफू घट्ट आणि कोरडा होतो. रश्श्यातला द्या, किंवा बारीक कुस्करून कांदा-टोमॅटोत परतून चपातीत गुंडाळा.

उरलेला कच्चा टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं. नळाला रोज पाणी येत नसलं तरी वाटीभराचाच प्रश्न आहे. तीन-चार दिवसांत संपवा. पाणी गढूळ झालं, बोटाला तार आली किंवा आंबूस वास आला की टाकून द्या, मसाला लावून तो वास झाकायला जाऊ नका. भाजलेले तुकडे झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस राहतात. गरम करताना तव्यावर, वरून पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून दोन मिनिटं.

पहिल्यांदा करताना सगळा टोफू एका रीतीनं करू नका. अर्धा दाबून आणि अर्धा मिठाच्या पाण्यातून काढून एकाच ट्रेवर भाजा आणि मुलाला दोन्ही खायला द्या. तुमच्या हाताला येणारा टोफू आणि तुमचा ओव्हन यांना कुठली रीत मानवते ते त्या एका ट्रेमध्येच कळेल. तरी मसाला चिकटला तर ट्रे ॲल्युमिनियमचा आहे की नॉनस्टिक आणि ओटीजी किती लिटरचा आहे तेवढं लिहा, मग पुढचं सांगते.